खांबावरचा तांब्याचा गोळा

माणसाला म्हातारपणी किती गोष्टींची किळस यावी, याला काही सुमार असतो. सावलीबुवांनी तो सुमार एका दिवसात ओलांडला.

बुवा म्हणजे ग्रहताऱ्यांचं गणित करणारे. शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांनी चार हात उंचीचा दगडी खांब उभा केला आणि वयाच्या तिसाव्या वर्षापासून रोज भर दुपारी त्याची सावली दोरीने मोजली. वर्ष नेमकं किती दिवसांचं, एवढंच त्यांना काढायचं होतं. "सावलीच्या मागे लागलेला माणूस जेवतो कधी?" असे टोमणे मारत बायकोही गेली. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मोजणी घरजावयाकडे आली. आता ग्रंथ पुरा झाला होता आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या नकला करणारा येणार होता.

त्या सकाळी तांबट लेकीचं पातेलं सांधून घेऊन आला आणि दारातच फुशारकीने म्हणाला, "बुवा, तुमच्या खांबावरचा गोळा बघितलात का? मीच घडवला. खांब बोडका दिसतो म्हणून नगरप्रमुखांनी बसवायला लावला. चार महिने झाले, अजून कसा झळकतोय!"

बुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, मोजायच्या खांबाला कुंची कसली घालता? सगळं त्या टोकावर तर आहे!"

तांबट पातेलं ठेवून सटकला. नगरप्रमुखाच्या अकलेचा उद्धार करत बुवांनी नोंदींचं बाड ओढलं. गोळा बसला त्या दिवशी सावली एकदम लांबलेली दिसणार. तो दिवस सापडला की पुढचे आकडे दुरुस्त करता येतील.

तो दिवस सापडेना. आकडे रोज शहाण्यासारखे सरकत होते, कुठे उडी नाही की ठेच नाही. बुवांनी मागची पानं चाळली. त्यांच्या स्वतःच्या काळात ढगाळ दिवसांच्या जागा कोऱ्या होत्या. जावयाच्या सहा वर्षांत एकही जागा कोरी नव्हती. घासात केस यावा तसं त्यांना झालं.

"जावईबापू, टेकडीवर शेवटचं कधी गेला होतात?"

जावयाने नखं बघितली. "मामा, चढ फार आहे हो. आणि तुम्ही गणिताने केलेल्या कोष्टकात रोजची सावली आधीच काढलेली असते. मी तीच उतरवायचो."

"घरात बसून? सहा वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यात?"

"पण आकडे गणिताशी तंतोतंत जुळतात म्हणून तुम्हीच खूश व्हायचात ना? मला वाटलं, तुम्हाला तेच हवंय."

जावयाचा वीट आलाच होता, पण या बोलण्याने बुवांना स्वतःचीच शिसारी आली. सहा वर्षं आपलंच गणित आपल्याच ताटात वाढून घेतलं आणि वर ढेकर दिली! आभाळ इतकं आज्ञाधारक कधीपासून झालं, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

दुपारी लेकीच्या खांद्यावर हात टाकून, चार ठिकाणी बसत, कण्हत ते टेकडी चढले. लेकीने दगडावर उभं राहून गोळा उपटला. बुवांनी स्वतः दोरी लावली आणि घरी येऊन कोष्टक उघडलं. पाऊण बोटाचा फरक होता.

"मोजताना हात हलला असेल, बाबा," लेक म्हणाली.

"हात नाही हलला. गणित चुकलंय."

त्यांनी जावयाच्या सहा वर्षांवर आडवी रेघ मारली, खाली नवा आकडा लिहिला, आणि नकला करणाऱ्याला येऊ नकोस असा निरोप धाडला.