वेळ नसलेल्या चार नळ्या

रक्ताच्या चारही नळ्यांवर मी वेळ लिहायला विसरलो. बिदरच्या एका दवाखान्यात वीस वर्षं मी याच कामाचा पगार घेतोय.

औरादहून आई-बाप सात वर्षांच्या पोरीला घेऊन आले होते. पोर फार लवकर वयात यायला लागली की काय, ही त्यांची धास्ती. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाची जागा निरोप धाडते आणि खालची पिट्युटरी ग्रंथी तो ऐकून रक्तात उत्तर सोडते. आम्ही तोच निरोप सुईतून द्यायचा आणि चारदा रक्त घेऊन उत्तर किती मोठं येतं ते बघायचं. मोठं आलं तर वयात येणं थोपवायला दर महिन्याला इंजेक्शन.

दुपार होती. खिडकीचा निळा पडदा पोटात वारा भरून घेई, सोडून देई. माझ्या डोळ्यांपुढून निरोपे चालू लागले: एक थायरॉइडच्या कामाचा, एक कॉर्टिसॉलच्या, एक उंची वाढवणारा आणि एक हा, पोरीचा. चौघंही कमठाणा गावच्या ज्वारीतून, पाठीवर ऊन घेऊन, घाई नसल्यासारखे. मीही त्यांच्यासोबत बराच लांब गेलो. हात तेवढे इकडे रक्त घेत राहिले.

परतलो तर स्टँडमध्ये चार नळ्या, चारही सारख्या.

डॉक्टर मॅडमना सांगितलं. बाप उठलाच. "पुन्हा टोचायलाव का, अण्णा? कामून?" पोरीनं बाही खाली ओढली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "टीआरएच असतं, थायरॉइडवाला निरोप, तर सगळं वाया गेलं असतं. तिथं उत्तर उशिरा आलं तर संशय हायपोथॅलॅमसवर, आलंच नाही तर पिट्युटरीवर. सीआरएच, म्हणजे कॉर्टिसॉलवाला निरोप, देऊन जादा कॉर्टिसॉलचं मूळ शोधतात, तिथंही घड्याळ लागतं. इथं सगळ्यात मोठा आकडा पाहिजे. असू दे कुठल्याही नळीत."

दुसऱ्या दिवशी चारही आकडे लहान आले. पोरीची पिट्युटरी अजून झोपेत होती, माझ्यासारखीच. इंजेक्शनं नकोत, अधूनमधून दाखवायला यायचं. बापाचे ताठलेले खांदे सैल झाले. मी जाणत्याचा चेहरा करून म्हणालो, "ह्या तपासणीत वेळेचं एवढं काही न्हाई."

आई पोरीची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या पोरीला घड्याळ कळतंय, अण्णा. पुढच्या बारीला तिलाच बसवा तुमच्या जागी."