फाडायच्या कागदावरचं नाव

सत्त्याऐंशी साली धुळ्यात एक कुजबूज होती. भिकमचंदच्या छापखान्यातल्या पुष्पाबाईनं ज्याला त्याचं नाव विचारलं, तो माणूस पुढचा पोळा बघत नाही. तिच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे म्हणे, आणि त्या वहीत नाव चढलं की वैद्य-डॉक्टरांनी घरी जाऊन झोपावं. ही गोष्ट पहिल्यांदा कोण बोललं हे आत्ताच विचारू नका. चहा संपू द्या.

तिला तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, या बाईला कोण घाबरणार? किरकोळ अंगाची, चाळिशीची, कानामागे तांबडी पेन्सिल. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला, त्यामुळे चालताना एक पाऊल फटकन वाजायचं आणि दुसरं मुकं राहायचं. दुपारी चारच्या सुमारास, उन्हानं गल्ली ओस पडलेली असताना, तो आवाज यायला लागला की बाया पोरांना घरात ओढायच्या. फट, मग काही नाही. फट, मग काही नाही. कुणाच्या दारापुढे थांबतो ते ऐकायला आख्खी गल्ली श्वास रोखून बसायची.

ती पायरी कधी चढायची नाही. ओट्याखाली उभी राहून विचारायची, "आबा, तुमचं नाव तुम्ही स्वतः कसं लिहिता?"

निंबा सुतारानं तिला हसत सांगितलं, वर चहाही पाजला. एकविसाव्या दिवशी त्याची तिरडी बांधली. कापड दुकानवाल्या तारादेवीच्या सुनेनं तर ती गेल्यावर ओट्यावर मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तारादेवी दिवाळीच्या आत गेली. मीठ-मिरच्या वाया गेल्या, आणि सुनेला चाव्यांचा जुडगा मिळाला, पण तो विषय वेगळा.

आता छापखान्याचं सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की गंधमुक्तीचं, म्हणजे दिवसकार्याचं, कार्ड छापून गावोगाव टाकतात. हे कार्ड घरात न्यायचं नाही. पोस्टमननं दिलं की ओट्यावर उभ्याउभ्या वाचायचं, तिथेच फाडायचं, हात धुऊन मग उंबरा ओलांडायचा. भिकमचंदकडे या कार्डाचा मजकूर शिशाच्या खिळ्यांत जुळवून दोरीनं बांधून कायमचा ठेवलेला होता. नवा मेला की जुन्याचं नाव, गाव, तिथी तेवढी उपटायची आणि नव्याची बसवायची. अर्ध्या तासाचं काम. पुष्पाबाई त्याला दोन तास लावायची. कच्चा छाप घेऊन खिडकीशी बसायची, प्रत्येक अक्षरावर पेन्सिल टेकवायची, आणि घरच्यांपैकी कुणी आलं असेल तर त्याला पुन्हा पुन्हा विचारायची.

भिकमचंद वैतागायचा. लग्नपत्रिकेत चूक झाली तर व्याही भांडायला येतो, इथे कोण येणार आहे तक्रार घेऊन, असं त्याचं म्हणणं. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "बाई, फाडायच्या कागदाला कसलं शुद्धलेखन?"

ती मान वर न करता म्हणाली, "शेठ, फाडायच्या आधी वाचतात."

मी तेव्हा खूप हसलो होतो. छापखान्याच्या बाकावर रोज सकाळी तासभर बसायची माझी जुनी खोड. भिकमचंदचा चहा, माझ्या बातम्या.

पण कुजबूज वाढत गेली तशी गिऱ्हाइकं बिचकायला लागली. लग्नपत्रिका तिच्या हाताखालून जाऊ नये म्हणून लोक दुसऱ्या छापखान्यात जायला लागले. भिकमचंदनं तिला बजावलं की पुन्हा कुणाच्या दारात दिसलीस तर उद्यापासून यायचं नाही. तिला धुळ्यात दुसरं कुणी नव्हतं. खोलीचं भाडं, पोट, सगळं त्या खिडकीवर. महिनाभर गल्ल्यांत तो आवाज आला नाही.

आणि मग चैत्रातल्या एका दुपारी तो आला, आणि माझ्या दारापुढे थांबला.

घरात माझे सासरे होते, पितांबरमामा. लताबाई, म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक, म्हणून म्हातारपणी आमच्याकडे आणलेले. तहसीलमध्ये कारकुनी करून रिटायर झालेले, इस्त्रीचा सदरा घालणारे. पंधरा दिवस अन्न सुटलं होतं. फटीतून मी बाहेर पाहिलं. पुष्पाबाई ओट्याखाली उभी, वही छातीशी. मी कडी लावली.

लताबाईनं मात्र खिडकीतून तोंड सोडलं. माणसं जिवंत असताना त्यांची कार्डं छापायला निघालीस, तुझ्या घरचं कुणी मेलं नाही का, असं बरंच काही. पुष्पाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं.

तिचा नवरा हिलाल भुसावळला रेल्वेत होता. यार्डात अपघातानं वारला. दिरानं तिथल्याच एका छापखान्यात कार्डं छापून घेतली. तिथेही मजकूर बांधलेलाच. घाईत गाव बदललं, तिथी बदलली, आणि आधीच्या मेलेल्याचं नाव तसंच राहिलं. कार्ड एदलाबादला तिच्या माहेरी पोचलं. भावानं ओट्यावर वाचलं, कुणीतरी परका, म्हणून फाडलं. दहाव्याला विधवेच्या अंगावर माहेरचं लुगडं पडतं, ते घेऊन कुणी आलं नाही. शेजारणीनं आपलं जुनेर तिच्या अंगावर टाकलं. तीन महिने ती समजत होती की माहेरानं टाकलं, आणि भाऊ समजत होता की बहीण सुखात आहे.

"मेल्यावर घरचे रडत असतात," ती म्हणाली. "विचारलं तर काहीही सांगतात. म्हणून मी आधी विचारते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून मामांचा आवाज आला, चार दिवसांत पहिल्यांदाच. कोण आलंय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही मामा, भंगारवाला.

"मी बठ्ठं ऐकी ऱ्हायनू," मामा म्हणाले. "तिले बलाव."

साठ वर्षं धुळ्यात शुद्ध बोललेला माणूस, माझ्यासमोर कधी अहिराणीचा शब्द काढला नव्हता. मी म्हणालो, मामा, ती बाई बरी नाही, लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लताबाईनं मला बाजूला सारून कडी काढली.

पुष्पाबाई पहिल्यांदाच कुणाची पायरी चढली. खाटेजवळ जमिनीवर बसली, वही उघडली. मी वरून डोकावलो. पानभर नावं, बहुतेकांपुढे तांबडी खूण. शेवटच्या ओळी मोकळ्या होत्या, आणि खरं सांगतो, मी माझं नाव शोधत होतो.

"आबा, तुमचं नाव?"

"उखर्डू लिख."

लताबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं. मामा थांबत थांबत बोलत राहिले. आईची आधीची चार बाळं गेली होती. म्हणून पाचव्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं, उखर्डू नाव ठेवलं. असलं नाव मरणाच्या नजरेत भरत नाही, हा आईचा हिशेब. दहाव्या वर्षी धुळ्याला आल्यावर मास्तरांनी पितांबर लिहिलं. जुन्या नावाची लाज वाटून मामांनी तेच धरून ठेवलं, आणि सोनगीरला, जन्मगावी, जाणंच सोडलं.

"सोनगीरमा पितांबर कोनले माहीत शे?" ते म्हणाले. "फाडी टाकतीन."

अकराव्या दिवशी मामा गेले. कार्डावर पुष्पाबाईनं नाव घातलं, उखर्डू ऊर्फ पितांबर, आणि भिकमचंदनं कुरकुर न करता छापलं. गंधमुक्तीला सोनगीरहून ट्रॅक्टर भरून माणसं आली. त्यांतल्या भागाबाई नावाच्या एका म्हातारीनं कार्ड फाडलंच नव्हतं. पदराच्या गाठीतून काढून तिनं ते मला दाखवलं. लहानपणी त्याच उकिरड्यावर आम्ही खेळायचो, म्हणाली.

पुष्पाबाईची नोकरी मात्र वाचली नाही. मामाही गेले, म्हणजे कुजबूज खरीच ठरली ना. पावसाळ्याआधी भिकमचंदनं तिला काढलं. ती एदलाबादला भावाकडे गेली. वही लताबाईला देऊन गेली. ती आमच्या कपाटात आहे. आता कार्डं कॉम्प्युटरवर निघतात, सकाळी गेलेल्याचं दुपारी हातात. नावं कशीही असतात आणि कुणाचं काही अडत नाही. पण चैत्रातल्या दुपारी गल्ली ओस पडली की मी पंखा बंद करून ऐकत बसतो.

खरं एवढंच आहे. धुळ्यात कोण अंथरुणाला खिळलंय हे पुष्पाबाईला मी सांगायचो, रोज सकाळी, छापखान्याच्या बाकावर. मामांचंही मीच सांगितलं होतं. ती त्याच घरी जायची, आणि ती माणसं आधीच आजारी होती म्हणून मरायची. नाव विचारलं की माणूस मरतो, हे पहिल्यांदा मी बोललो, चहाच्या टपरीवर, चारजणांना हसवायला.