विवेकनं पोटावर काढलेली रेघ

आमचा विवेक गेला तोबी उभ्या उभ्याच. दवाखान्यात पेशंट तपासून राहिला होता, टेबलाले हात टेकवलन न् खाली आला. चाळिशीबी गाठली नाही. डॉक्टर लोकं म्हनले हार्ट होतं. घरच्याईले तं वाटते, पोरगा कधी एका जागी बसलाच नाही, मंग त्याचा जीव तरी कुठं बसन?

१९९९ साली बारावी पास होऊन मेडिकलले लागला. त्याची माय सुमनबाई, म्हनजे आमची मावशी, गोंदियात बिड्या बांधे. पोरगा सर्जन होऊन गोंदियालेच परत आला. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताचे खडे, सारं दुर्बिनीनं करे. पन पोटात मांगच्या बाजूले स्वादुपिंड राहते, त्याच्यावर गाठ आली का पेशंट नागपूरले धाडा लागे. तिथं पोट कापून गाठ काढत. मानूस वाचे, पन महिनोन् महिने खाटेवर. विवेकच्या मनात एकच भरलं. हे ऑपरेशन बारक्या भोकातून शिकाचं, अन् आपल्या गोंदियातच कराचं.

शिकाले हैदराबादले गेला. तिथं लय दिवस हातात फक्त कॅमेरा. मोठे सर ऑपरेशन करत, हा पोटातला कॅमेरा धरून उभा. जरासा हात हलला का टीव्हीवर सारं पोट भूकंपावानी हाले. अन् याचा पाय तं सारखाच हाले. एक दिवस सर चिडले, "अरे विवेक, पहले पाँव को सुलाओ, फिर हाथ जगाओ!"

सुट्टीत घरी आला तं चुप बसन थोडी? टीव्हीच्या खोक्याले भोकं पाडलन, आत बल्ब न् कॅमेरा लावलन, खाटकाकडून बोकडाचं स्वादुपिंड आनलन. लांब लांब चिमटे भोकातून घालून उभ्यानं टाके मारत राहे. स्वादुपिंड म्हनजे लोन्याचा गोळा. धागा ओढला तं फाटते, ढिला सोडला तं गळते. अन् गळते तो रस साधा नाही, अन्न पचवाचा रस हाय. पोटात सांडला तं मानसाचंच मांस पचवाले लागते.

मावशी बिडीचं सूप मांडीवर घेऊन पाहे.

"का रे डॉक्टर, वाचला का तुहा बोकड?"

"नाही वो माय, फाटला."

"कालबी फाटलाच होता. उद्या दुसरा मरन, जेव तू आधी."

जेवतानाबी त्याची बोटं ताटात गाठी मारत राहत.

२०१३ च्या पावसाळ्यात केशोरी गावची रुक्मा आली. स्वादुपिंडाच्या शेपटाले गाठ. नवरा तुलसीराम म्हने, नागपूर आमाले जमत नाही जी. विवेकनं हैदराबादच्या मोठ्या सरले फोनवर सारं विचारलन न् केस घेतलन. आपल्या भरवशावर पयलीच. सकाळी आत गेला तो दुपारनंतरच बाहेर आला. पोट कापाचं काम पडलं नाही. चार भोकं, अन् गाठ बाहेर काढाले बेंबीखाली एक लहान चीर. तुलसीरामले ट्रेमध्ये गाठ दाखवली.

"एवढी मोठी? हे त्या भोकातून निंगाली? जादू केली जी तुमी!"

विवेक लहान पोरावानी हासला. रस पोटात साचू नये म्हनून कुशीत एक नळी ठेवलन, खाली थैली. रुक्मा तिसऱ्या दिवशी चालाले लागली. घरी धाडताना सांगतलन, वाकाचं नाही, वजन उचलाचं नाही, नळीले कोनी हात लावाचा नाही.

गावात बाया पाहाले आल्या. शेजारच्या देवकाबाईनं पदर बाजूले करून पाहिलं.

"एवढंसंच? माह्या नसबंदीची चीर याच्याहून मोठी होती वो! मी तं आठ दिवसात वावरात, धानाच्या बांधीत उतरली होती."

धानाचा रोवना सुरू होता, कामाले बाया भेटत नव्हत्या. रुक्माले घरी बसाची लाज वाटली. थैली कमरेले खोचलन न् धान रोवाले बांधीत वाकली. चिखलातून पाय उपसताना नळी ओढल्या गेली, बाहेरच आली. भोकावर कपडा बांधलन न् रोवतच राहिली. मंग ताप आला.

तुलसीरामनं फोन केला. "डॉक्टर, नळी निंगाली. काही होत नाही ना जी? भोक तं बारकंच हाय."

विवेकनं तवाच गाडी धाडून रुक्माले आनलन. आत पू न् रस साचला होता. सोनोग्राफीत पाहून सुईनं दुसरी नळी घातलन. मंग जे दिवस गेले ते घरच्याईनं पाहिले. जेवे नाही. अंगनात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाले.

"नळीनं झालं, का माहाच टाका सुटला, माय?"

"बाई वाचन का?"

"मालूम नाही."

"मंग ते पाह्य आधी. टाका मंग मोज."

ताप हळूहळू उतरला. रुक्मा वाचली. ज्या दिवशी ती बसून भात जेवली, त्या दिवशी विवेक तुलसीरामवर भडकला.

"कायले जाऊ देल्ली बांधीत? सांगतलं होतं ना?"

"रागवा जी. पन तुमीच तं म्हनले, बारकं ऑपरेशन."

"दुर्बिनीचं म्हनलो होतो, बारकं नाही!"

"आमाले का समजते? आत तुमी पाहिलं. आमाले बाहेरून दिसते तेवढंच."

विवेक तसाच उभा राहिला, अन् त्या वेळी, नर्स सांगत होती, त्याचा पाय हालत नव्हता.

पुढची केस देवरीचा नंदलाल. तसंच ऑपरेशन, तशीच भोकं. दवाखान्यातून घरी सोडाच्या दिवशी विवेकनं त्याच्या माय-बायकोले जवळ बोलावलन. खिशातून निळा मार्कर काढलन न् छातीच्या खालून बेंबीच्याबी खालपर्यंत नंदलालच्या पोटावर जाड रेघ ओढलन.

"आत एवढं काम झालं हाय. हे एवढं कापलं हाय असं समजा."

शामकला, नंदलालची बायको, तोंडाले पदर लावून पाहतच राहिली. नंदलाल आपली पिशवी उचलाले वाकला तं तिनं हातावर चापट मारली. "रेघ दिसत नाही का तुमाले?"

मंग सारेच पेशंट तशी रेघ घेऊन घरी जात. नंदलालची माय तं त्याले आंघोळच करू देत नव्हती, रेघ पुसन म्हनून. एक दिवस तिचा फोन आला, "डॉक्टर, घामानं पुसत चालली जी. आता का करू?"

देवरीच्याच एखाद्या डॉक्टरले रेघ ओढाले सांगता आलं असतं. विवेक म्हने, "आलोच." मार्कर खिशात टाकलन न् गाडीची चाबी शोधाले लागला.