बापूकाकांचा मंगळवार

शेवटच्या भेटीत बापूकाकांचं लक्ष स्वतःच्या छातीपेक्षा शेजारच्या खाटेजवळच्या, घशातला कफ ओढून घेणाऱ्या सक्शन मशीनकडे जास्त होतं. ‘वायसर गेलाय त्याचा, आवाज ऐक की,’ ते मला म्हणाले. मी ऐकला. मला ती नेहमीचीच घरघर वाटली. पण मी शाळेत मराठी शिकवतो आणि घरातला बल्ब बदलायलाही शेजाऱ्याला हाक मारतो, त्यामुळे यंत्रांच्या बाबतीत काकांनी मला कधी हिशेबात धरलंच नव्हतं. नगरबाहेरचं हे मोठं शिकवण्याचं रुग्णालय. सकाळी डॉक्टर होणारी मुलं-मुली काकांच्या खाटेभोवती जमायची, त्यांची छाती ऐकायची, आणि काका त्यांना रक्तदाबाच्या यंत्राची नळी कुठे गळते ते दाखवायचे. कोण कोणाला शिकवतंय ते कळत नसे. त्या दिवशी मुलं गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘मास्तर, पाथर्डीला गेल्तास का?’ महिनाभर ते मला पाथर्डीला जाऊन यायला सांगत होते आणि महिनाभर मी परीक्षेचे पेपर, पाहुणे, कंबर अशी कारणं देत होतो. मी म्हणालो, ‘गेलो होतो काका. सगळं व्यवस्थित चालू आहे.’ त्यांनी डोळे मिटले. ‘बरं झालं,’ म्हणाले... तिसऱ्या दिवशी ते गेले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फिटरचं काम केलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात, काका दवाखान्यात जायला लागले. आमच्याकडे एक धर्मादाय प्रतिष्ठान आहे, नाव मुद्दामच सांगत नाही. नगरचं मोठं रुग्णालय, त्याला जोडलेली नर्सिंगची शाळा, आणि पाथर्डी, मिरजगाव, देवळाली इथले तीन छोटे दवाखाने, जिथे याच शाळेतल्या मुली हात बसवायला जातात, या सगळ्या गोतावळ्याला हे प्रतिष्ठान मदत करतं. मदत म्हणजे बहुतेक वेळा यंत्रं. कुणाच्या तरी स्मरणार्थ यंत्र यायचं, हार घातला जायचा, फोटो निघायचा. वर्ष-दीड वर्षात ते बंद पडायचं, त्यावर चादर घातली जायची आणि ते मागच्या खोलीत जायचं. मग नवं मागायचं. काकांनी पहिल्यांदा पाथर्डीची ती मागची खोली पाहिली आणि एकेक चादर उचलून बघितली. नंतर प्रतिष्ठानच्या अध्यक्षांना जाऊन म्हणाले, ‘साहेब, पाटीवरचं नाव रोज पुसून लख्ख करत्यात. यंत्र कोनी उघडून बघत न्हाई.’ अध्यक्ष भला माणूस. ते म्हणाले, मग तुम्ही दुरुस्त करत जा. काका म्हणाले, मी करणार नाही, मी शिकवणार. आज मी आहे, उद्या नाही, मग परत चादर.

अध्यक्षांना हे फारसं पटलं नव्हतं. नर्सनी यंत्रं खोलायची म्हणजे काय, बिघडवून ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. तरी काकांच्या हट्टापायी एकट्या पाथर्डीपुरती, दर मंगळवारी दुपारी, परवानगी मिळाली. तिथल्या प्रमुख नर्स मार्था सिस्टर आणि नर्सिंगच्या दोन-तीन मुली मागच्या खोलीतलं एकेक यंत्र खोलून बसायच्या. मला काकांनी सोबतीला धरलेलं. एसटीत जागा धरणे आणि पिशवी उचलणे एवढीच माझी पात्रता.

आणि मग मी तो पराक्रम केला. दसरा झाला होता, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. प्रतिष्ठानने पाथर्डीला नवा वॉर्मर दिला, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरून ऊब देणारं यंत्र. समारंभाचं सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. यंत्र चालू करून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नव्या ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं नारळाचं पाणी त्या चालू यंत्रावर चांगलं ओंजळभर शिंपडलं. आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि आकडे विझले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका एवढंच म्हणाले, ‘मास्तर, पेढे वाटा आता.’

हे एवढ्यावर थांबलं असतं तर घरात आयुष्यभर चेष्टेला पुरलं असतं, तसं ते पुरतंच आहे. पण त्याच दुपारी एका वाडीवरून जीप आली. तोडीला निघालेल्या कुटुंबातली बाई, आठवा महिना नुकता लागलेला. तासाभरात बाळ झालं. ओंजळीत मावेल एवढी मुलगी. डॉक्टरांनी तिला आईच्या छातीशी ठेवलं, वरून पांघरुणं घातली. नगरहून रुग्णवाहिका यायला दीड तास होता आणि मुलगी गार पडत चालली होती. नवा वॉर्मर माझ्या कृपेने मेलेला. मार्था सिस्टर धावत काकांकडे आल्या, ‘काका, मागच्या खोलीतला जुना हाय. त्याची वायर आपन गेल्या मंगळवारी बदलली. लावू का?’

‘मग लाव की,’ काका म्हणाले. ‘माझ्याकडं काय बघतीस?’

सिस्टर आणि दोन मुलींनी तो जुना वॉर्मर ढकलत आणला. एक जोड सुटलेला निघाला. सिस्टरनी काकांकडे पाहिलं, काका जागचे हलले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते उभे. मला राग आला, असला कसला हा शिकवण्याचा हट्ट, पोरीचा जीव जातोय. मी त्यांच्या मागेच उभा होतो, आणि म्हणूनच मला ते हात दिसले. एका हाताने दुसरं मनगट इतकं आवळून धरलेलं की बोटं पांढरी पडली होती... सिस्टरनी जोड बसवला, चालू केलं. वरची कांडी हळूहळू लाल झाली. तेव्हा कुठे काका पुढे झाले, खाली तळहात धरला, थर्मामीटर दोनदा बघितला आणि म्हणाले, ‘ठेवा लेकीला.’

रुग्णवाहिका येईपर्यंत ती मुलगी त्या जुन्या यंत्राखाली होती. नगरला महिनाभर राहून आईच्या कुशीत घरी गेली. त्यानंतर अध्यक्षांनी मिरजगाव आणि देवळालीलाही मंगळवार सुरू करून दिले. काकांना आनंद झाला, पण धास्ती गेली नाही. सिस्टर आणि मुली हो म्हणतात ते माझ्या तोंडावर, मी नसलो की चादर घालतील, असं ते एसटीत मला सांगायचे. म्हणून आजारी पडल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती, कुणीतरी न कळवता पाथर्डीला जावं आणि बघून यावं. आणि मी न जाताच बघून आलो होतो.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी मी एकटाच पाथर्डीच्या एसटीत बसलो. मुद्दाम मंगळवारी. खरं सांगायचं तर तिसगाव मागे पडल्यावर वाटलं होतं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. सगळं बंद पडलेलं दिसलं तर मी मरणाऱ्या माणसाला काय सांगून पाठवलं, हे मला आयुष्यभर टोचत राहणार होतं.

मार्था सिस्टरनी मला दारात पाहिलं, म्हणाल्या, ‘या सर, आज उशीर केला,’ जणू मधल्या काळातही मी दर आठवड्याला येत होतो. मी विचारलं, काका ॲडमिट झाल्यापासून मंगळवार झाले का. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. ‘न व्हायला काय झालं? एक चुकवला न्हाई. कोन येऊन करनार हुतं?’ माझी थाप खरी होती, फक्त ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. यंत्रं नव्हतीच, सगळी वॉर्डात कामाला लागली होती. मोकळ्या फरशीवर मुली डबे उघडून बसल्या होत्या, मधोमध कागदावर एका सक्शन मशीनचं झाकण आणि स्क्रू. मला भाकरी आणि ठेचा मिळाला. काकांबद्दल कुणी काही बोललं नाही. वाद चालला होता वायसरवरून. एक मुलगी म्हणाली, काका सायकलच्या ट्यूबचा कापायला सांगायचे. मार्था सिस्टर म्हणाल्या, ‘त्यांचं ते चुकत हुतं. ट्यूबचा आठ दिसात गळतो. आपन जाड रबराचा कापला, बघ, महिना झाला, थेंब न्हाई.’

काका असते तर हुज्जत घातली असती, कारखान्यातले दाखले दिले असते, आणि शेवटी ते वायसर उजेडात धरून बघत बसले असते... मी अजून अर्धी भाकरी मागून घेतली.