न छेडलेला गांधार

तंबोरा नीट जुळला की त्यातून एक गांधार आपोआप ऐकू येतो. त्या सुराची तारच नसते. नवखे श्रोते तर कोण गुणगुणतंय म्हणून मागे वळून बघतात.

बुधवारा पेठेतल्या गाण्याच्या क्लासात आमचे गुरुजी सगळ्यांदेखत मला म्हणाले होते, "तुला तो गांधार जन्मात ऐकू येणार नाही. तुझे कान लाकडाचे आहेत. तू नुसता तंबोरा छेडत जा." सहा वर्षं मी त्यांच्या मागे बसून तंबोरा छेडला, गांधार रोज ऐकला आणि ते वाक्य जपून ठेवलं.

गेल्या साली त्यांच्या सत्काराच्या मैफलीआधी ते तंबोरा जुळवून चहाला गेले. खर्जाच्या तारेखाली एक बारीक दोरा असतो, तो मी केसभर सरकवला. तार सुरातच राहिली, गांधार तेवढा गेला.

गाताना गुरुजी कावरेबावरे झाले. दोनदा थांबून त्यांनी मोबाईलवर सूर तपासला. तो बरोबरच निघाला. शेवटी मागे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, गांधार कुठे गेला?"

छेडणं न थांबवता मी म्हणाले, "मला कुठे ऐकू येतो, गुरुजी."