शुक्रवारचा आंबट शर्ट

ह्यांना नरडाण्याच्या कंपनीत कायम करावं म्हणून मी सोळा शुक्रवार बोलले होते. त्या दिवशी घरात कुणीच आंबटाला शिवायचं नाही. देवीनं ऐकलं, हे कायम झाले. आणि काम मिळालं ते स्पिरिटात ॲसिडचा गॅस मुरवायचं! तेव्हापासून अमळनेरच्या आमच्या घरात किस्से एवढे साठलेत, की सांगायला बसलं तर चहा निवतो.

पहिल्याच शुक्रवारी हे दारात आले आणि सगळ्या घराला ठसका लागला. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वं माय! घरमा चिंच बंद, आन तुना नवराच बठ्ठा आंबट शे!"

*

मी विचारलं, "अहो, गॅस त्या स्पिरिटात राहतो तरी कसा?"

"सोड्यासारखं आहे. गार आहे तोवर गॅस निमूट बसतो. तापलं की उसळून बाहेर. म्हणून चिलरनं गार ठेवायचं."

"मग चिलर आहे ना?"

"उन्हाळ्यापासून बंद आहे. साहेब म्हणतात, चालवून घ्या."

हे खोकत होते. मी म्हटलं, "गॅससुद्धा तापतो. तुम्ही कधी तापणार?"

*

ह्यांची कामाच्या कपड्यांची पिशवी देवघराशेजारी टांगलेली असते. महिन्याभरात पितळी घंटा हिरवी पडली! ह्यांनी ती साहेबांना नेऊन दाखवली.

साहेब हसले. "वहिनींना म्हणावं, चिंचेनं घासा!"

चिंचेनं! माझ्या शुक्रवारच्या घरात! त्या दिवशी आरती म्हणताना माझा आवाज चढला. देवी समजून घेईल.

*

उद्यापन राहिलं होतं. मी साहेबांनाच जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी ह्यांच्या शर्टावर ड्रममधलं उडालं होतं. तो न धुता पिशवीत गच्च बांधून माठाजवळ गारव्याला ठेवला होता. सकाळी ती पिशवी तशीच बांधलेली उन्हात ठेवली.

साहेबांनी खीर-पुरी मागून घेतली. मग म्हणाले, "वहिनी, लोणचं नाही का?"

"शुक्रवारी आंबट चालत नाही, साहेब. पण तुमच्यापुरतं ठेवलंय."

ताटाशेजारी पिशवी ठेवली आणि गाठ सोडली.

साहेब उठून अंगणात पळाले! डोळ्यांत पाणी, तोंडात पुरी, बोलता येईना. मी तांब्या पुढे केला. "अहो, नुसता शर्ट आहे!"

सोमवारी चिलर सुरू झाला.

बायांनो, तुमच्या घरी असा शर्ट येत असेल, तर लगेच भिजवू नका. आधी साहेबांना जेवायला बोलवा.