मुखपृष्ठावरची बाई पोळ्याला गेली

परवा नातीने मोबाइलवर जुन्या विज्ञानकथांची मुखपृष्ठं दाखवली. म्हणाली, "आजी, लोक आता ही पुस्तकं नुसत्या चित्रांसाठी जमवतात."

मी तेच करत होते तेव्हा मला येडी म्हणायचे. फार चुकत नव्हते म्हणा.

लग्न होऊन दिग्रसजवळच्या खेड्यात आले तेव्हा मी मॅट्रिक होते, म्हणजे माझ्या मते जगातलं सगळं मला कळत होतं. आमचे हे यवतमाळच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी पुस्तकं आणायचे. ते आतलं वाचायचे, मी बाहेरचं. त्यातल्या एकावर लाल अग्निबाण, कडं घातलेला ग्रह, आठ हातांचा हिरवा प्राणी आणि डोक्यावर काचेची हंडी घालून, माझ्या मते चंद्रावर निघालेली, बाई होती. हंडी सोडली तर तिच्या अंगावर फारसं काही नव्हतं.

पोळा तोंडावर आला होता. मी हट्टाने बैलांच्या झुली शिवायचं काम मागून घेतलं आणि पोपट-कमळं सोडून त्यांच्यावर हेच चित्र उतरवायला बसले. अग्निबाणासाठी परकर फाडला. हिरव्या प्राण्यासाठी रुखवतातला कोरा ब्लाउज कापला. एवढी अक्कल! बाईला मात्र नऊवारी नेसवली, गावात तोंड दाखवायचं होतं.

"अर्धं पुस्तक झालं, तुझा हिरवा प्राणी काही आला नाही," हे म्हणाले.

"तुम्हालाच नीट वाचता येत नाही," मी म्हणाले.

पोळ्याच्या सकाळी झुली अंगणात पसरल्या. आता सगळं मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातात. जोडी त्यांची, गावभर मान त्यांचा. ते नाही म्हणाले की माझं चंद्रावर जाणं संपलं.

"हे कोण होय वं?" त्यांनी विचारलं.

"चंद्रावर चालली, मामाजी."

"डोक्स्यावर हंडी काहून?"

"तिथं हवा नसते."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "एकटीच चालली? घरी विचारलं का तिनं? पदर घे म्हणा डोक्स्यावरून!"

मी मुकाट्याने सुई घेतली आणि हंडीवरून पदर शिवला. शेवटी मामाजी म्हणाले, "बैल बुजला तर राहू दे." त्यांनी झूल थोरल्या बैलाच्या तोंडापुढे धरली. बैलाने प्राणी हुंगला, जीभ काढली आणि हिरवे हात चांगले ओले होईस्तोवर चाटले.

"याले चालते तं मले काय," म्हणत मामाजींनी झुली चढवल्या.

गावच्या पोळ्याच्या तोरणाखाली आमची जोडी उभी राहिली आणि बैलांपुढे झडत्यांची गाणी म्हणणारे मधेच थांबले. पोरं हिरव्या प्राण्याला बोट लावून पळत होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाटील, हे काय हो?"

बायकांमध्ये उभ्या उभ्या मी डोळे मिटले.

"तुले नाही समजत," मामाजी छाती काढून म्हणाले. "चंद्रावरची पाटलीण हाय. पोळ्याले आली. हा हिरवा तिचा बैल. तिकडले बैल असेच असतात."

तोरणापासून आमचं घर चार पावलांवर. मामाजींनी मात्र जोडी सगळ्या गावातून फिरवून आणली, आणि ज्या गल्लीत कोणी विचारलं नाही तिथे स्वतःच थांबून सांगितलं.